बाबा, मी खदानीत जाऊन आले

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर सांगत होते पण तुमच्याकडे रेंज जात होती आणि आई मधेच गॅस बंद करायला उठली, त्यामुळे अर्धवटच राहिलं सगळं. फोटो पाठव म्हणालात न बाबा, पण आतले फोटोच नाहीयेत, कारण खाली जायच्या आधी मोबाईल, घड्याळ, गाडीची किल्ली, ज्याच्यात म्हणून बॅटरी आहे ते सगळं काढून ठेवायला लावतात. म्हणून लिहूनच पाठवतेय. सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

तर त्या जागेचं नाव बिग पिट, इथे वेल्समधली जुनी कोळशाची खदान, आता म्युझियम. आमच्या कार्डिफपासून गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर ब्लायनॅव्हन नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे, तिथे १७८९ मध्ये लोखंडाचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यासाठी दगडी कोळसा, लोहखनिज, चुनखडी सगळं आजूबाजूच्या डोंगरातूनच निघायचं. कारखाना कधीचाच बंद पडला. खदान मात्र १९८० पर्यंत चालू होती, मग १९८३ ला लोकांना बघायला खुली केली, आणि २००० साली तो सगळा परिसरच युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. लांबूनच डोंगरावर ते लोखंडी हेडगिअर, म्हणजे पिंजरा खाली-वर करायचा उंच सांगाडा दिसतं, वर मोठं चाक, आणि बाबा, ते दिसलं आणि मला एकदम आपल्या कॉलनीतून ड्युटीवर निघालेले तुम्ही आठवलात, जेवणाचा डबा आणि ती तुमची काठी घेऊन.

तिथले गाईड म्हणजे पूर्वी खदानीत काम केलेली माणसं. आमचा गाईड साठीच्या पुढचा, त्याचे वडील आणि आजोबा पण खदानीतच होते. त्याने आधी सगळ्यांना हेल्मेट, कॅप लॅम्प आणि कंबरेला पट्टा दिला, पट्ट्यावर लॅम्पची बॅटरी आणि तो विषारी वायू झाला तर तोंडाला लावायचा सेल्फ रेस्क्यूअरचा डबा, पाचेक किलो वजन होतं सगळं मिळून, माझी कंबर अर्ध्या तासातच बोलायला लागली आणि तुम्ही हे रोज आठ आठ तास घालून फिरायचे. म्युझियम झालं तरी कायद्याने ती अजून खदानच आहे म्हणे, त्यामुळे खाणींच्या तपासणीचे सगळे नियम तसेच लागू. आपल्याकडे गेटवर बिडी-माचिस तपासायचे न, अगदी तसंच तो प्रत्येकाला विचारत होता, आणि तुमच्या नातवाच्या पायात ते लुकलुकणाऱ्या लाईटचे बूट होते तर ते पण चालणार नाहीत म्हणाला! मग तिथले गमबूट घातले त्याला. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या पोरांना नेत नाहीत, हा बसला त्यात.

मग पिंजरा, म्हणजे खाली नेणारी लिफ्ट. तुमची खदान इनक्लाइनची होती, तुम्ही उतारावरून चालत जायचे हे मला माहितीये, पण इथे सरळ ९० मीटर खाली. घंटा वाजली, जाळीचं दार लागलं, आणि भिंतीवरून पाणी झिरपताना दिसत होतं. मला भीती वाटली नाही असं नाही. पण खाली पोचल्यावर जो वारा अंगावर आला, थंडगार, एकाच दिशेने येणारा, तेव्हा तुम्ही मागे कधीतरी म्हणाला होतात की खदानीत पहिले हवा कुठून येतेय ते बघायचं, ते आठवलं. गाईडने पण तेच सांगितलं. एका शाफ्टने, म्हणजे सरळ खाली जाणाऱ्या विहिरीने, ताजी हवा आत, दुसऱ्याने खराब हवा बाहेर, आणि मधे जागोजागी लाकडी दारं, ती बंद असली तरच हवा कोळशापर्यंत पोचते, एक जरी उघडं राहिलं तरी ती जवळच्या वाटेने निघून जाते आणि पुढे माणसं कोंडतात.

आणि ही दारं उघडायला-लावायला कोण बसायचं माहितीये? लहान पोरं. पाच-सहा वर्षांची. आपला नातू सहाचा आहे आई. कोळशाचा गाडा, म्हणजे टब, आला की दोरी ओढून दार उघडायचं, गेला की लावायचं, दिवसाचे बारा तास, अंधारात. १८४२ मध्ये इथल्या सरकारने चौकशी करून मोठा अहवाल छापला, त्यात या पोरांचे जबाब आहेत. मर्थर गावाजवळच्या खदानीतली सहा वर्षांची एक मुलगी सांगते की मी सकाळी सहाला येते, संध्याकाळी सहाला जाते, दिवा विझला किंवा भूक लागली की घरी पळते. हे गाईड सांगत होता तेव्हा त्याने सगळ्यांना लॅम्प बंद करायला लावले. बाबा, असा अंधार मी जन्मात बघितला नव्हता, डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसत नाही, डोळे उघडे आहेत का मिटलेले तेच कळेना. आपल्या चिरंजीवांनी माझा हात असा घट्ट धरला की बोटं दुखली. मी पूर्ण वेळ त्या मुलीचाच विचार करत होते. त्या अहवालानंतर कायदा झाला आणि बायका-मुली सगळ्या आणि दहाच्या आतले मुलगे यांना जमिनीखाली कामाला बंदी आली. दहा वर्षांचा मुलगा मात्र चालायचा.

आई, हे ऐकून मला तुझी आठवण आली. बायकांचं ते सगळं वाईटच होतं, टब ओढायला लावायचे त्यांना, बंदी आली ते बरंच झालं. पण आपल्याकडेही १९५२ च्या खाण कायद्यात बाईला अंडरग्राउंड कामाला मनाई, ती थेट २०१९ मध्ये सैल झाली, म्हणजे बाबांच्या सगळ्या नोकरीत तुझ्यासारख्या कॉलनीतल्या बायकांना फक्त वर थांबणं माहिती. भोंगा अवेळी वाजला की सगळ्या जणी हातातलं टाकून फाटकाकडे जायच्या, तू मला कडेवर घेऊन जायचीस, तुझ्या छातीची धडधड मला आजही आठवते. इथल्या बायकांचं पण तेच. सेंगहेनिथ नावाच्या गावात १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट झाला, ४३९ खाणकामगार गेले, ब्रिटनमधला सगळ्यात मोठा खाण अपघात, आणि त्याच खदानीत १९०१ मध्ये आधीच एकदा ८१ जण गेले होते! गावातल्या कितीतरी घरांतून बाप आणि मुलगे एकाच दिवशी गेले. गाईड सांगत होता की गॅस पेटतो तो वेगळा, पण खरा घात करते ती कोळशाची धूळ, गॅसच्या धक्क्याने उडते आणि मग तीच पेटत पेटत पुढे जाते. मी त्याला म्हटलं माझे बाबा सांगायचे की आमच्याकडे म्हणूनच गॅलरीत, खालच्या वाटांवर, पांढरी दगडाची पूड मारतात. तर तो थांबला आणि विचारलं, तुझे बाबा खदानीत होते? म्हटलं हो, आधी मायनिंग सरदार आणि मग त्याच्या वरचा ओव्हरमॅन, खाली कामावर देखरेख करणारे, भारतात, चंद्रपूरला.

तिथून पुढे तो सगळ्या ग्रुपला दाखवायचा आणि मग माझ्याकडे वळून विचारायचा, तुमच्याकडे कसं असतं. बाबा, मला अर्ध्याच गोष्टी सांगता आल्या. छत काठीने ठोकून आवाजावरून ओळखतात हे सांगितलं, त्यानेही लगेच ठोकून दाखवलं, चांगलं छत खणखणीत बोलतं आणि सुटलेलं असलं की भद्द आवाज येतो. छताला लावायचे लाकडी टेकू, प्रॉप, कामगारांना का आवडायचे तर ते मोडायच्या आधी करकरतात, पळायला वेळ देतात, लोखंड तसं बोलत नाही. हे तुमच्याकडे पण म्हणायचे का? मग तो डेव्हीचा दिवा दाखवला, १८१५ सालचा शोध, ज्योतीवर निळसर टोपी आली की मिथेन आहे, आणि ज्योत मंद होऊन विझली की हवेत ऑक्सिजन कमी. तुमच्याकडेही होता न तसला पितळी दिवा? कॅनरी पक्ष्यांचं तर मला खरंच वाटत नव्हतं, विषारी वायू माणसाच्या आधी त्यांना कळतो म्हणून पिंजऱ्यातून न्यायचे, आणि हे इथे १९८६ पर्यंत चालू होतं.

टब ओढणाऱ्या घोड्यांचे तबेले पण आहेत खाली, अजून तसेच, प्रत्येक गाळ्यावर घोड्याच्या नावाची पाटी. वर्षभर खालीच राहायचे, उन्हाळ्यात खदानीला सुट्टी लागली की वर कुरणात आणायचे. नातवाने एकेक पाटी वाचून काढली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारायचीच आहे. इंग्लंडच्या उत्तरेला हार्टली नावाची खदान होती, तिला एकच शाफ्ट. १८६२ मध्ये वरच्या पंपाचा प्रचंड लोखंडी बीम तुटून शाफ्टमध्ये पडला, वाट बंद, २०४ माणसं आणि पोरं गेली, बहुतेक खाली गुदमरून. त्यानंतर कायदा झाला की प्रत्येक खदानीला बाहेर पडायच्या दोन वाटा पाहिजेतच. हे ऐकताना मला आठवलं की मी शाळेत असताना तुम्ही एकदा काकांना सांगत होतात, पाणी आलं होतं आणि आपण दुसऱ्या वाटेने सगळ्यांना बाहेर काढलं. मला बघून तुम्ही गप्प झालात. काय झालं होतं तेव्हा? किती जण होते? आई, तुला तरी माहितीये का? धनबादजवळच्या चासनाला खदानीत १९७५ मध्ये पाण्यानेच गेली न, पावणेचारशेच्या आसपास माणसं, आजोबा रेडिओवर ऐकून रडले होते असं तू सांगतेस, मग बाबांनी त्यानंतर त्याच कामाला जायचं कसं ठरवलं, हे पण मला ऐकायचंय.

वर आल्यावर तिथली आंघोळीची जागा बघितली, १९३९ ची. एका बाजूला मळक्या कपड्यांचे लॉकर, दुसऱ्या बाजूला घरच्या कपड्यांचे, मधे शॉवर. त्याच्या आधी काय तर माणूस काळाकुट्ट घरी यायचा, चुलीसमोर आंघोळीचा पत्र्याचा टब, पाणी तापवायचं बाईने, पाठ चोळायची बाईने, कपडे आपटायचे बाईने, घरात नवरा आणि तीन मुलगे वेगवेगळ्या पाळीत असले की दिवसभर हेच. मी तिथे बराच वेळ उभी होते. तू बाबांचे ड्युटीचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचीस, हिवाळ्यात हात फाटलेले असायचे तरी, आणि बाबांच्या डोळ्यांत काजळासारखी काळी रेघ राहायची आंघोळीनंतरही. आई, त्या कामाची कधी हजेरी लागली नाही, पण इथे त्यावर अख्खा विभाग केलाय, बायकांच्या कामासकट सगळं मांडलंय, म्हणून मला खूप बरं वाटलं.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना गाईड परत भेटला आणि अर्धा तास बसला आमच्यासोबत. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप सांगितला, वर्षभर पगार नाही, बायकांनी सामुदायिक जेवणं चालवली. टॉवर कोलिअरी नावाच्या इथल्या खदानीचं सांगितलं, बाबा हे तुम्हाला नक्की आवडेल. १९९४ मध्ये ती परवडत नाही म्हणून बंद केली, तर २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या पैशातून प्रत्येकी ८,००० पाउंड घातले आणि खदानच विकत घेतली, २००८ पर्यंत स्वतः चालवली! तुमच्या युनियनच्या जोशी काकांना सांगा हे. आता इथे जवळजवळ सगळं संपलंय, शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र पण २०२४ मध्ये बंद झालं. त्याला म्हटलं आमच्या चंद्रपूरला अजून २,९२० मेगावॅटचं केंद्र कोळशावर धडधडतंय, पण जमिनीखालच्या खदानी बंद होत चालल्यात, आता सगळा ओपनकास्टचा, वरूनच उघडं खोदायचा जमाना. तो म्हणाला मग तुझ्या बाबांना म्हणावं बोलून ठेव, आम्ही आहोत तोवरच हे सांगता येतं.

तेच मागायचंय बाबा तुमच्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर माईकचं बटण दाबून बोलायचं, दाबूनच धरायचं, सुटलं की बंद होतं. रोज दुपारी पाच मिनिटं. पहिल्या दिवशी खाली गेलात तेव्हापासून सुरू करा, मग ते पाण्याचं. क्रम चुकला तरी चालेल, मी इकडे लिहून काढते. आणि आई, तू पण बोल, तुझ्या बाजूचं वेगळं.

अजून एक. त्या गाईडचे वडील फुप्फुसात साचलेल्या कोळशाच्या धुळीने गेले, शेवटची वर्षं ऑक्सिजनवर. तुमचा तो सकाळचा खोकला वयाचा आहे असं तुम्ही म्हणता, पण या आठवड्यात छातीचा एक्स-रे आणि श्वासाची ती फुंकायची टेस्ट करून घ्या, रिटायरमेंटनंतरचं मेडिकल कार्ड आहे तर वापरा की. डॉक्टरांना खदानीत किती वर्षं होतात ते स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. दादाला मी मेसेज केलाय, तो गुरुवारी सुट्टी काढतोय तुम्हाला न्यायला.

पुढच्या मेमध्ये तुम्ही दोघं इकडे आलात की बिग पिटला जायचंच. गुडघ्याचं कारण सांगू नका, खाली पिंजऱ्यानेच जायचं असतं, आणि आधी कळवलं तर व्हीलचेअरवाल्यांना पण नेतात. आई, तुला हेल्मेट आणि लॅम्प लावून आत घेऊन जायचंय मला, आणि सोबत बाबांनी सांगायचं की हे काय आणि ते काय. तोवर तिकडे बघायचं असेल तर नागपूरजवळच्या सावनेरची अंडरग्राउंड खदान २०१६ मध्ये पर्यटनासाठी सुरू केली होती, वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स) राज्याच्या पर्यटन महामंडळासोबत, दादाला आत्ता चालू आहे का विचारायला सांगते.

पासपोर्टची तारीख बघून कळवा. गुरुवारी रिपोर्ट आला की आधी मला पाठवा, मग डॉक्टरांकडे जा.

तुमची लेक