दोन इंचांचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं सांगून टाकते, म्हणजे बाबा पत्र अर्धवट टाकून फोन करणार नाहीत. तिकिटं काढून झाली. मेमधली, मुंबई ते लंडन, थेट विमान. आणि इकॉनॉमीची नाहीत. रद्द केली तर पैसे बुडतात, तेव्हा 'कशाला एवढा खर्च' हे वाक्य दोघांनी एकमेकांनाच म्हणून घ्या.

बाबा, तुम्ही विचारणार की हे प्रीमियम इकॉनॉमी काय आहे. सोपं आहे. इकॉनॉमी म्हणजे आपला लाल डबा. बिझनेस म्हणजे झोपून जायची स्लीपर. ही मधली, एशियाड. स्लीपर परवडली असती तर तीच काढली असती, हे लिहिताना पेन जरा अडखळलं. पण लाल डब्यातून तुम्हाला पुन्हा आणणार नाही. गेल्या वेळी आईच्या चपला पायात जाईनात आणि 'गरम होतंय गं' म्हणत ती हीथ्रोवर अनवाणी चालत बाहेर आली. जानेवारी होता, आई.

तीन रात्री कागद घेऊन बसले होते. बाबांची पोर आहे, माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर इकॉनॉमीत ३१ इंचांच्या आसपास असतं. त्यात पाठीची जाडीही धरलेली असते, म्हणजे सगळं अंतर काही पायाला मिळत नाही. या मधल्या वर्गात ते ३८ इंच आहे. सात इंच जास्त, आईच्या हिशेबाने जवळजवळ वीतभर. रुंदी इकॉनॉमीत साधारण १७, इथे साडेअठरा. दीड इंच ऐकायला काहीच नाही. पण बाबा, तुमचा खांदा आणि आईचा खांदा यांच्यामधे ते दीड इंच आलं की नऊ-दहा तासांत भांडण होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यात मोठी सीट कुणाची ते बघितलंस का? बघितलं. एमिरेट्सची. ४० इंच, रुंदी साडेएकोणीस, क्रीम रंगाचं लेदर, पोटरीखाली वर येणारी फळी. फोटो बघून मीच हरखले. पण दुबईला उतरायचं, अपरात्री लांब चालायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा वाट बघायची. दोन इंचांसाठी बाबांचा गुडघा मी दुबईच्या फरशीवर घासणार नाही. एअर इंडियाच्या नव्या ए-३५० मध्येही या वर्गाच्या २४ सीटा आहेत, ३८ इंचांच्याच. पण ते विमान लंडनला दिल्लीहून जातं. साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, मग लंडन. नको. (आणि दिल्लीला जाताना बाबांना आवडलेली ती विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा 'तिचंच काढ' म्हणू नका.) स्विसची सीट मला मनापासून आवडली होती. तिला मागून कडक कवच असतं, पुढचा माणूस कितीही मागे रेलला तरी आपल्या अंगावर येत नाही. पण त्या कवचात आपण मागे रेलतो तेव्हा खरं तर पुढे घसरतो, म्हणजे गुडघ्याची जागा आपलीच आपण खातो. शिवाय झुरिकला उतरायचं.

थेट जाणाऱ्यांपैकी शेवटी मी दोन तोलून बघितल्या, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक. दोघींचे ३८ इंच. हा मधला वर्ग व्हर्जिनने १९९२ मध्येच काढला होता, ब्रिटिशने २००० मध्ये. म्हणजे दोघीही यात मुरलेल्या. ब्रिटिश निवडली, कारण अगदी साधं आहे. मला हव्या त्या दिवशी खिडकीकडच्या जोडीच्या दोन सीटा तिच्याकडे रिकाम्या होत्या. त्या रांगेत खिडकीपाशी दोनच सीटा असतात, तिसरं कुणी नाही. आई खिडकीत, बाबा वाटेकडे. रात्री बाबांना चार वेळा उठायचं असतं हे आपण बोलत नाही, पण मला माहीत आहे.

आई, तुझ्यासाठी मी वेगळा हिशेब केला आहे. या ३८-४० इंचांचं कौतुक सगळं बाबांच्या उंचीच्या माणसांचं. तू चार फूट अकरा. तुझे पाय जमिनीलाच टेकत नाहीत, म्हणून तर मांडीची मागची शीर दाबली जाते आणि पाय सुजतात. पुढची सीट जितकी लांब, तितकी तिच्याखालची पाय ठेवायची पट्टी तुझ्यापासून लांब. म्हणजे तुझ्यासाठी जास्तीचे दोन इंच उलट तोट्याचेच. विमान वर गेलं की तुझी ती निळी पिशवी पायाखाली घे आणि तिच्यावर पाय ठेव. यासाठीच मी सगळ्यात पुढची रांग घेतली नाही. तिथे पाय पसरता येतात, पण समोर सीट नसते, मग उड्डाणाच्या वेळी पिशवी वर ठेवायला लागते. टेबल हाताच्या दांड्यात असतं, म्हणून सीट अरुंद. तुला पिशवी डोक्यावर ठेवून झोप येत नाही.

आता जे तीन पानं टाळतेय ते.

मी तुम्हाला घ्यायला येते म्हणाले होते. येत नाही. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सहाच दिवस राहिले, तेही दोन दिवस लॅपटॉप उघडून, ते मला अजून टोचतं. म्हणूनच म्हटलं होतं की सोबत बसून आणेन. पण तेवढी रजा तिकडे येण्या-जाण्यात गेली असती, आणि तुम्ही इथे आल्यावर मी दिवसभर ऑफिसात. ती रजा मी तुम्ही आल्यावर घेते आहे, पूर्ण दहा दिवस. आणि माझ्या तिकिटाचे जे पैसे वाचले तेच तुमच्या सीटांत घातले आहेत. हे मी स्वतःला समजवायला लिहितेय असं वाटलं तर वाटू द्या.

तुम्हाला आठवतं, स्वारगेटला जायची सकाळची गाडी भरून यायची? बाबा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, आई आणि मी बसायचो, आणि बाबा शिरवळपर्यंत उभे. 'मला उभंच बरं वाटतं.' मी ते कॉलेजात जाईपर्यंत खरं मानत होते. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, 'मला इकॉनॉमीतच बरं वाटतं.' बाबा, आता नाही फसत.

आता सांगते ते नीट करायचं. दोघांसाठी व्हीलचेअर लिहिली आहे. बाबांनी 'मी चालतो की' म्हणायचं नाही, ती गाडी पायांसाठी नाही, रांगांसाठी आहे. तपासणीच्या दारातून जाण्याआधीच गुडघ्यात धातू आहे हे सांगा, वाजणारच आहे. डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घरीच, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घाला. दर तासाला घोटे फिरवायचे, दोन तासांनी एक फेरी. पाणी प्यायचं, उठायला लागेल म्हणून टाळायचं नाही, त्यासाठीच वाटेकडची सीट आहे. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. जेवण मी 'एशियन व्हेजिटेरियन' सांगितलं आहे. कुणी 'हिंदू मील' विचारलं तर आईने खूश होऊन हो म्हणू नये, त्यात मांसाहार असतो. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, याचा अर्थ त्या भरल्याच पाहिजेत असा नाही. लोणचं खालच्या बॅगेत, आणि बरणी नको.

सीट मागे करायचं बटण दांड्याच्या आतल्या बाजूला सापडेल. दाबा. मागचा माणूस काय म्हणेल असा विचार करू नका, त्यालाही सात इंच जास्त मिळालेत.

मी बाहेरच्या दारात उभी असेन. आईसाठी लोकरी मोजे आणते.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, रुमाल टाकावा लागणार नाही. तिकिटावर नंबर आहे.