नाटक नव्हतं ते

संपादक महोदय,

माझी नववीतली मुलगी पेपर अर्धवट सोडून यायची. हात बधिर होतो म्हणायची. शाळेत तो आळस ठरला, घरीही (मीच ठरवला!). वेणी घालताना, बटणं लावताना बोटं साथ देईनात. रंकाळ्यावर सायकलचा ब्रेक दाबवेना. रात्री झोपेतून उठून हात झटकायला लागली, तेव्हा कुठं दवाखाना गाठला. मनगटात नस दाबली गेली होती, कार्पल टनेल सिंड्रोम. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मुंग्यांनी भरतं, करंगळी मात्र सुटते. मोठ्यांचा हा आजार मुलांत विरळा, म्हणून चटकन लक्षात येत नाही. रात्री मनगटाला पट्टा बांधल्यापासून आराम आहे. पुढल्या वर्षी दहावी. लेखनिक किंवा जादा वेळेचा अर्ज शाळेनं वेळेत पुढं पाठवावा.

एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर