‘माता व बालक सुखरूप, सबब तक्रार निकाली’: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र काल मिळालं. तक्रार केल्यापासून पाच आठवड्यांत उत्तर आलं, याबद्दल आभारी आहे. उत्तर तीन वाक्यांचं आहे. ‘सदर प्रकरणी संबंधित रुग्णालयाकडून अहवाल मागविण्यात आला. प्रसूती सामान्य झाली असून माता व बालक सुखरूप आहेत. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

माझी तक्रार तीन पानी होती. बाळ सुखरूप नाही, असं तीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. बाळ छान आहे. आत्ता माझ्या डाव्या हातावर झोपलंय आणि मी उजव्या अंगठ्याने हे टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. तक्रार माझ्याबद्दल होती. ती आपल्या कार्यालयाने ‘माता’ आणि ‘सुखरूप’ या दोन शब्दांत आटोपली. म्हणून आता तेच पुन्हा, चारचौघांत सांगते.

संध्याकाळी सातला मी दाखल झाले. पहिलीच खेप. दिवस पूर्ण भरलेले, बीपी नीट, साखर नीट, बाळाचं डोकं खाली, कळा आपल्या आपण सुरू झालेल्या. अशा बाईला डॉक्टर ‘लो रिस्क’ म्हणतात. लेबर रूमच्या दाराशी आपला हसरा फोटो असलेला फलक आहे. ‘प्रसूतीच्या वेळी आपल्या पसंतीची एक व्यक्ती सोबत असणे हा आपला हक्क आहे.’ फलक चांगला मोठा आहे, लांबून वाचता येतो. त्याच्या खालीच वॉचमन खुर्ची टाकून बसतो. त्याने माझ्या ताईला अडवलं. ताई म्हणाली, “दादा, हे वाचा ना जरा.” तो म्हणाला, “ते मंत्र्यांचं आहे. इथं आतल्या मॅडमचं चालतं.” गेल्या वर्षी सभागृहात तुम्ही ही घोषणा केलीत तेव्हा बाकं वाजली होती. त्यांचा आवाज या खुर्चीपर्यंत पोचला नसावा. ताई रात्रभर त्या फलकाला टेकून उभी होती.

आत गेल्या गेल्या पोटावर दोन पट्टे आवळले, एक बाळाच्या ठोक्यांसाठी आणि एक कळांसाठी. सीटीजी, म्हणजे या दोन्हींचा ग्राफ कागदावर छापणारं यंत्र. यंत्र नवंकोरं, त्यावर लोकार्पणाचं स्टिकर अजून चिकटलेलं. उताणं झोपायचं, हलायचं नाही. हललं की ग्राफ तुटतो.

कंबरेत करवत चालायला लागली की बाई आपोआप उठून बसते, पुढे वाकते, कशाला तरी धरून डुलते. हे कुणी शिकवावं लागत नाही. मी कुशीवर वळले की पट्टा सरकायचा, यंत्र कोकलायचं, आणि मग कुणीतरी येऊन ओरडायचं. यंत्रावर नाही, माझ्यावर. त्यातली गंमत मला नंतर कळली. उताणं पडलं की गर्भाशयाचा सगळा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर येतो, बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि त्याचे ठोके घसरू शकतात. म्हणजे ठोके मोजायला झोपवायचं आणि झोपवल्यामुळे ते बिघडले तर परत बाईलाच बोल लावायचा.

रात्री एकला ड्रिप लावली. का, ते सांगितलं नाही. “लवकर मोकळी होशील,” एवढंच. ड्रिपमध्ये कळा वाढवायचं औषध होतं, ऑक्सिटोसिन. ते चालू असताना बाळावर सतत नजर हवी, हे मलाही मान्य आहे. आणि नेमका दोन चाळीसला यंत्रातला कागद संपला. समोर घड्याळ होतं म्हणून वेळ पक्की आठवते. यंत्र बीप बीप करायला लागलं. सिस्टर आल्या, आवाज बंद केला आणि गेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “रोल स्टोअरमध्ये आहे. किल्ली सकाळी येते.” सहा तास गरज नसताना मला बांधून कागद छापला, आणि गरज पडली तेव्हा कागद कुलपात! पट्टे मात्र तसेच. सोडायची परवानगी नव्हती.

चारच्या सुमाराला पडद्यावर ९६ आकडा दिसायला लागला. बाळाचे ठोके ११० ते १६० मध्ये हवेत. एकदम धावपळ. “ठोके पडलेत, सिझरला घ्या.” एक छापील फॉर्म माझ्या छातीवर ठेवला आणि बोटांत पेन कोंबलं. त्यावरची सही आज मला कुणी दाखवली तर ती माझी आहे हे मी ओळखणार नाही. स्ट्रेचर दारात आलं, तेवढ्यात वॉर्डातल्या एक वयस्कर सिस्टर आत आल्या. त्यांनी काही न बोलता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हे हिचेच ठोके आहेत.” पट्टा सरकून माझी नाडी पकडत होता. त्यांनी तो ओटीपोटाकडे खाली घेतला आणि दाबून धरला. १३८. स्ट्रेचर परत गेलं.

नऊ तासांत माझा हात कुणी हातात घेतला तो हा पहिल्यांदा. तोही नाडी बघायला.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण तिथे माझा अंगठा अडखळतो. मांडीवर दोन चापट्या. स्टुलावर चढून एकाने माझ्या पोटावर कोपर रोवलं आणि सगळा भार टाकला. बाळाची वाट मोठी करायला खाली कात्री लावली, आधी विचारलं नाही, नंतर सांगितलं नाही. टाके घालताना भूल उतरली, तसं म्हटलं तर उत्तर आलं, “झालंच आता.” आणि मी ओरडले तेव्हाचं एक वाक्य मी तक्रारीतून लाजेखातर गाळलं होतं, ते आता घालते. “तेव्हा नवऱ्याजवळ ओरडली होतीस का गं?” असं विचारून तिघं हसली. महोदय, आपल्या अहवालात हे ‘प्रसूती सामान्य झाली’ या तीन शब्दांत आलंय. खरं तर शब्द बरोबर निवडलाय. तिथे हे सामान्यच आहे.

घरी आल्यावर वाटलं, बाळासाठी असंच करावं लागत असेल. मग रात्री पाजता पाजता वाचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी दिल्या. वाचताना वाटलं, माझा केसपेपर कुणीतरी उलटा करून छापलाय. धडधाकट बाई, आपोआप सुरू झालेल्या कळा, तर सतत सीटीजी नको. दाखल होतानाचं सरसकट सीटीजीही नको. ठोके ऐकवणारं हातातलं छोटं यंत्र, डॉप्लर, किंवा पिनार्डचं साधं नळकांडं पोटाला लावून दर १५ ते ३० मिनिटांनी ऐका, जोर लावायच्या वेळी दर ५ मिनिटांनी, आणि ऐकाल तेव्हा निदान एक मिनिट ऐका. तिला हिंडू-फिरू द्या. पोट दाबू नका. सरसकट कात्री लावू नका. तिचं माणूस तिच्याजवळ राहू द्या. पिनार्ड हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर. त्यांच्या नळकांड्याला वीज लागत नाही, रोल लागत नाही, स्टोअरची किल्ली लागत नाही. दुसऱ्या टोकाला कान लावून बसणारं माणूस तेवढं लागतं, आणि तेच तुमच्या खरेदीच्या यादीत नाही.

जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १३ चाचण्या आहेत, ३७ हजारांहून जास्त बायका आहेत. अधूनमधून ऐकण्याऐवजी सतत यंत्र लावल्याने बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींना येणारं कायमचं अपंगत्व, कमी झाली नाही. सिझर मात्र दीडपटीहून जास्त झाली. तुमचे सल्लागार लगेच सांगतील की नवजात बाळांचे झटके निम्म्यावर आले. आले. पण असे झटके मुळात विरळा असतात. आणि यंत्र भंगारात घाला असं मी कुठे म्हणतेय? जिचं बीपी चढलंय, जिच्या बाळाची वाढ खुंटलीय, जिला ड्रिप लावलीय, तिला जरूर लावा. फक्त कागदासकट लावा, आणि तो कागद वाचणाऱ्या माणसासकट लावा. एकच ग्राफ दोन तज्ज्ञांना दाखवला तर दोन मतं पडतात, ही गोष्ट त्यांच्यातच जुनी झालीय.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली एक अभ्यास आला. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियातल्या दवाखान्यांत संशोधक प्रत्यक्ष बसले आणि २,०१६ बाळंतपणं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ८३८ बायकांच्या वाट्याला मार, शिव्या किंवा हिणवणं आलं. ज्यांना कात्री लावली त्या चौघींतल्या तिघींना विचारलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, ते देश वेगळे. बरं. आपल्याकडे असं टेबलाशेजारी बसून कुणी मोजलंय? मोजलं असेल तर आकडा जाहीर करा. नसेल तर मी माझ्यापासून सुरुवात करते. एकीतली एक. शंभर टक्के.

एक हिशेब मात्र मी स्वतः केलाय. सात ते चार, नऊ तास. दर पंधरा मिनिटांनी एक मिनिट, म्हणजे छत्तीस मिनिटं. रात्रभरात मला छत्तीस मिनिटं माणूस हवं होतं. त्या रात्री सहा टेबलांवर आम्ही सहा जणी होतो. सहा जणींची मिळून साडेतीन तासांची बेगमी. सिस्टर दोन होत्या, म्हणजे एकीलाही जमलं असतं. पण त्यातल्या एक सिस्टर पहाटेपर्यंत टेबलावर मान खाली घालून रजिस्टरं भरत होत्या. मी मोजली, अकरा. माझ्यावर खेकसणाऱ्या त्याच, आणि आज मला त्यांचा राग येत नाही, निदान पूर्वीइतका नाही. त्यांची डबल ड्युटी होती. त्यांनाही कुणीतरी तसंच खेकसत असणार.

राग येतो तो हे सगळं असं कुणी लावून दिलं त्याचा. यंत्राचं लोकार्पण करता येतं, फीत कापता येते, स्टिकर लावता येतं. चार सिस्टर भरल्या तर फीत कुठे बांधणार? यंत्र रजा मागत नाही, वेतनवाढ मागत नाही, आणि उद्या कोर्टात कुणी गेलंच तर कागद दाखवायला होतो. मला तर वाटतं तो कागद बाळासाठी छापतच नाहीत, वकिलासाठी छापतात. तुमच्या सगळ्या खात्यांची हीच तऱ्हा आहे. वस्तू घ्यायची, ती चालवायला माणूस द्यायचा नाही. फलक लावायचा, वॉचमनला सांगायचं नाही. बाई जिवंत बाहेर पडली की कामगिरीच्या तक्त्यात एक बरोबरची खूण. ती बाहेर पडताना कशी होती, याला तक्त्यात रकानाच नाही. आणि तक्रार केलीच तर ज्या रुग्णालयाविरुद्ध केली त्याच्याचकडून अहवाल मागवायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, वर चोराचंच प्रमाणपत्र की खजिना सुखरूप! पाच आठवडे लागले ते नेमके कशाला, हेही एकदा कळवा. वॉचमनला विचारलं? त्या वयस्कर सिस्टरना विचारलं? माझ्या ताईला विचारलं? मला तर नाहीच विचारलं.

सोबतीण आत असती तर काय झालं असतं, असंही कुणी म्हणेल. याच्याही चाचण्या झाल्यात, २६, सतरा देशांत, पंधरा हजारांवर बायका. शेजारी सतत कुणी असलं तर सिझर कमी होतात आणि बाळंतपण लवकर उरकतं. त्या चाचण्या सोडा. ताई आत असती तर ‘ते’ वाक्य बोलायची हिंमत झाली नसती. मला एवढं पुरलं असतं.

बाळ चुळबुळ करतंय. मागण्या सांगते. फलकावरचं वाक्य लेखी आदेश म्हणून लेबर रूमच्या दारापर्यंत पोचवा, वॉचमनच्या हातात त्याची प्रत द्या. रात्रपाळीला टेबलांच्या हिशेबाने सिस्टर द्या आणि अकरा रजिस्टरांची दोन करा. प्रत्येक लेबर रूममध्ये डॉप्लर ठेवा, बॅटरीसकट. कात्री आणि ड्रिपच्या आधी बाईला विचारलं की नाही, हे तिने स्वतः भरायचं, नंतर, घरी गेल्यावर. माझी तक्रार पुन्हा उघडा आणि अहवाल बाहेरच्या माणसाकडून मागवा.

आणि माझ्या केसपेपरला जोडलेला सीटीजीचा कागद मला हवाय. संध्याकाळी सातपासून दोन चाळीसपर्यंतचा ग्राफ तुमच्याकडे आहे, तो नको. दोन चाळीसपासून पाच दहाला बाळ होईपर्यंतचा द्या. मला माहीत आहे की तो नाही. तो नाही, एवढंच एका ओळीत लिहून, खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक घालून पाठवा.

आपली,
त्या रात्रीची टेबल क्रमांक चार