फिर्सचा शब्द कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत रशियन नाटककार चेकॉव्हच्या 'चेरीची बाग'च्या मराठी प्रयोगाचं परीक्षण वाचलं आणि राहवलं नाही. 'ओघवतं भाषांतर' असं परीक्षकांनी दोनदा लिहिलंय. हा प्रयोग मीही पाहिला, तिसऱ्या रांगेत बसून. नेपथ्य छान होतं, व्यापारी लोपाखिनचं काम करणारा मुलगा तर फारच चांगला. पण त्या ओघात काय वाहून गेलं, तेही लिहायला हवं होतं.

फिर्स हा ८७ वर्षांचा नोकर. पहिल्या अंकात मोलकरीण दुन्याशा कॉफीबरोबर साय आणायला विसरते, तेव्हा तो तिच्यावर खेकसतो, 'एख ती, नेदोत्योपा!' ('एख ती' म्हणजे 'अगं तू'; 'नेदोत्योपा'चा अर्थ पुढे येतोच.) तिसऱ्या अंकात मालकीण रानेव्स्काया चिडून विद्यार्थी त्रोफिमोवला तोच शब्द सुनावते, वर 'आमचा फिर्स म्हणतो तसे' असंही म्हणते. शेवटी सगळे निघून जातात, घराला कुलूप लागतं आणि आजारी फिर्स आतच राहतो. तो आडवा होतो आणि स्वतःलाच म्हणतो, 'एख ती, नेदोत्योपा!' नाटकातलं ते शेवटचं वाक्य. मग तार तुटल्यासारखा आवाज आणि बागेत कुऱ्हाडीचे घाव.

या प्रयोगात दुन्याशा 'बावळट' झाली, त्रोफिमोव 'बालिश' झाला, फिर्सचा उल्लेख गाळला आणि शेवटी फिर्स म्हणतो, 'थकलो रे देवा.' तीन ठिकाणी तीन शब्द! आमच्या मागे बसलेल्या बाई तेवढ्यात पर्स आवरायला लागल्या. त्यांचा काय दोष? त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

१९८४ साली मी पुण्यात रशियन शिकत होतो. या एका शब्दावर आमच्या बाईंनी अख्खा तास घेतला होता. फळ्यावर 'नेदो' वेगळं काढून दाखवलं : पुरतं न झालेलं, उणं राहिलेलं. मग म्हणाल्या, तुमच्या घरात आजी काय म्हणते ते सांगा. वेंधळा, धांदरट, गबाळ्या, सगळं झालं. मागच्या बाकावरून कुणीतरी 'अर्धवट' म्हणालं आणि बाईंनी खडू खाली ठेवला. हा शब्द दुन्याशाला चालतो, शिक्षण कधीच न संपणाऱ्या त्रोफिमोवलाही चालतो आणि कुलूपबंद घरातल्या म्हाताऱ्याने स्वतःला म्हटला की पोटात कालवतं.

प्रयोगानंतर दिग्दर्शकांना गाठून विचारलं. 'आमच्या इंग्रजी प्रतीत तसं काही नव्हतं,' एवढंच उत्तर मिळालं. जाहिरातीत मात्र 'मूळ रशियन नाटकावरून' असं छापलंय! ब्रिटिश नाटककार टॉम स्टॉपार्ड यांनी याच नाटकाची इंग्रजी आवृत्ती केली ती दुसऱ्या जाणकाराच्या शब्दशः भाषांतरावरून, पण ती स्वतःची 'आवृत्ती' म्हणूनच रंगमंचावर आली. आपल्याकडे पु. लं.चा 'अंमलदार' रशियन लेखक गोगोलच्या नाटकावर बेतलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बदल करायला माझी हरकत नाही. कशावरून केलं ते खरं सांगा.

इंग्रजीवरून आणल्याने आणखी एक नुकसान होतं. रशियनमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे. रानेव्स्कायाच्या ५१ वर्षांच्या भावाने, गायेवने, चुकीची विजार घातली म्हणून फिर्स त्याला लहान पोरासारखा रागावतो, पण रागावतो 'तुम्ही' म्हणून. पिढीजात नोकराची माया आणि पायरी त्या एका 'तुम्ही'त आहे. इंग्रजीत ते दिसत नाही. मराठीला ते आयतं मिळालं असतं. इथे फिर्स मालकाला सरळ 'अरे, तू' करतो.

जाता जाता परीक्षणाबद्दलही. त्यात या नाटकाला 'श्रेष्ठ शोकांतिका' म्हटलंय. चेकॉव्हने ते सुखात्मिका म्हणून लिहिलं होतं. जानेवारी १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने ते केलं, तेव्हा जाहिरातींत त्याला 'ड्रामा' का म्हणतात, अशी तक्रार त्याने बायकोला पत्रातून केली. त्याच जुलैत तो गेला. एवढं तरी तपासून छापायचं होतं.

यापुढे परदेशी नाटकाच्या परीक्षणात भाषांतरकाराचं नाव आणि ते कोणत्या भाषेतून केलं हे कृपया छापावं. कालच्या चार रकान्यांत दोन्ही नाहीत. प्रकाशयोजनाकाराचा फोटो मात्र आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे