रविवारची १२ मिनिटांची कूपर चाचणी

सर्व सभासदांसाठी: रविवारी सकाळी ६ वाजता, ४०० मीटरचा ट्रॅक. आधी १० मिनिटं हळू धावून अंग गरम करा. १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापायचं. दम लागला तर चाला. पहिली फेरी जोशात मारली की पुढे पाय जड होतात आणि आकडा कमी येतो, दरवेळचंच आहे हे. सर्वांत आतली लेन सोडू नका. दुसरीत फेरीमागे सुमारे ७ मीटर जादा पडतात, ते हिशेबात येत नाहीत. शिट्टी वाजताच जागेवर खूण करा, पण एकदम बसू नका, चक्कर येते. मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ने भागा: २४०० मीटरला व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला, दर किलो वजनामागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते) साधारण ४२. हा अंदाजच. छातीत दुखत असेल, ताप असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.