लॉन बोल्सच्या नयनमोनीला विसरू नका

महोदय,
राष्ट्रकुल स्पर्धा आली की पदकतालिका छापली जाते, पण खेळाडूची कारकीर्द क्वचितच वाचायला मिळते. २०२२ साली बर्मिंगहॅमला महिलांच्या चौकडीने लॉन बोल्समध्ये (हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचा खेळ) भारताला या खेळातले पहिले राष्ट्रकुल पदक मिळवून दिले, तेही थेट सुवर्ण. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर १७-१० अशी मात. त्या चौघींपैकी आसामच्या गोलाघाटची नयनमोनी सैकिया आधी वेटलिफ्टर होती! दुखापतीने ते दार बंद झाले आणि ती या खेळाकडे वळली. संघातली लवली चौबे धावपटू होती, रूपा राणी तिर्की कबड्डीपटू. एक खेळ सुटला म्हणून कुणी घरी बसले नाही.

खेळ दिसतो सोपा, पण चेंडू पूर्ण गोल नसतो. एका बाजूला झुकाव असल्याने तो वळत जातो आणि ‘जॅक’ या छोट्या चेंडूच्या जवळ थांबवायचा असतो. ताकदीपेक्षा अंदाज महत्त्वाचा. इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंटने १९६६ मध्ये एकेरीचे विश्वविजेतेपद जिंकले आणि १९८८ मध्येही! (क्रिकेटमध्ये एवढे कोण टिकते?)

धावपटू कविता राऊत, नौकानयनपटू दत्तू भोकनळ घडवणाऱ्या नाशिक जिल्ह्यात दुखापतीने मैदान सोडणारी मुले कमी नाहीत. गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळीही आहेतच. महापालिकेने एखाद्या उद्यानात सपाट, नीट कापलेल्या हिरवळीचा एक पट्टा या खेळासाठी राखावा, आणि उन्हाळी शिबिरांत हा खेळ शिकवावा.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक