सहायक कृषी अधिकारी मॅडमना दिंडोरीहून आभाराचं पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

यंदाचा टोमॅटो संपला. शेवटचे क्रेट पिंपळगावला रवाना झाले, तार-बांबू उतरवायला घेतलेत. आई रोज विचारते, मॅडमना कळवलंस का? फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, म्हणून इथं चारचौघांत लिहितो.

पहिल्यांदा आलात तेव्हा मी औषधाचं नाव विचारलं होतं. तुम्ही ते सांगितलंच नाही. सरीत उतरलात, खालचं एक पान तोडून उन्हात धरलंत. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पांढुरका डाग, त्यात काळी घाण आणि मधोमध वळवळणारी इवलीशी हिरवट अळी. "ही टूटा," तुम्ही म्हणालात. "फळात अर्धं अंग खुपसून बसते ती वेगळी. दोघींना एकच बाटली कशी चालेल?" टूटा दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे २०१४ च्या सुमारास आली, हेही तेव्हाच कळलं. माझ्या आजोबांना ती ठाऊक नव्हती यात नवल नाही. दुकानात मात्र कुठल्याही अळीला दोन-तीन बाटल्या आणि वर टॉनिक, हा ठरलेला डोस.

झेंडूवर घरात वाद झाला. टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ, म्हणजे तेवढी जागा वाया, असं भावाचं म्हणणं. तुम्ही झेंडूची रोपं चाळीस दिवसांची आणि टोमॅटोची पंचवीस दिवसांची घ्यायला लावलीत, म्हणजे दोन्ही एकदमच फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. तसंच झालं. किडक्या कळ्या आम्ही खुडून टाकल्या, उरलेली फुलं दसऱ्याला विकली. भाऊ त्यानंतर काही बोलला नाही.

फळ पोखरणाऱ्या अळीला मारणाऱ्या विषाणूपासून केलेलं औषध, एचएनपीव्ही, संध्याकाळीच मारा असं बजावलंत, कारण उन्हानं त्याची ताकद जाते. काही दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसल्या, काळ्या आणि पाणी झालेल्या. आई म्हणाली, शिसारी येते, पण बघायला बरं वाटतं.

पांढऱ्या माशीबद्दल तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. तिनं पसरवलेल्या विषाणूनं बोकडलेलं, पानं आकसलेलं झाड औषधानं सुधारत नाही, ते उपटायचं आणि रोपं जाळीखालचीच आणायची. काही झाडं उपटावी लागलीच. किडकं फळही निघालं. पण दुकानाची उधारी या वर्षी नावापुरतीच राहिली आणि तोडणीच्या तोंडावर फवारा मारायची वेळ आली नाही. आमच्या घरची पोरं वावरातच टोमॅटो तोडून खातात, त्यामुळे मला याचं मोल जास्त.

आता एक विचारायचंय. भाऊ त्याच रानात हरभरा टाकायचं म्हणतोय. घाटेअळी म्हणजे तीच आपली फळ पोखरणारी, असं सांगून मी त्याला थांबवलंय. गहू करावा का? वाफसा आहे तोवर कळवा.

आपला,
दिंडोरी तालुक्यातला एक टोमॅटोवाला